ठोकळा कुणाला, गवत कुणाला

पहाटे ४:३०

श्रावणात तबेल्याचं दार उघडलं की पहिलं काम नाकाचं. कात्रजच्या डोंगरावर रात्रभर पाऊस झालेला, गुजरवाडीच्या बाजूने ओलं वारं सुटलेलं आणि पत्र्याखाली रचलेल्या गवताने ओल धरलेली. एक पेंढी सोडून झटकली. पांढरी धूळ उडाली, कुबट वास आला. ती पेंढी लगेच बाहेर काढली. बुरशीची धूळ घोड्याच्या फुफ्फुसात गेली की खोकला मुरतो. पोटात काही वाईट गेलं, तर त्याला ओकून बाहेर टाकता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकणार, नाहीतर पोटशूळ उठणार.

पावसाळ्यात चांगलं वाळलेलं गवत मिळणं कठीण, आणि हिरवा लसूणघास पाणी पिऊन, चिखल लागून येतो. म्हणून आज लसूणघासाच्या ठोकळ्यांचा निकाल लावायचा आहे. घास कापून, वाळवून, यंत्रात दाबून साधारण तीन सेंटिमीटर जाडीचे चौकोनी ठोकळे करतात. दोन दुकानदारांनी नमुन्याची पिशवी पाठवली आहे. घ्यायची कोणती, आणि घेतली तर द्यायची कुणाला, हे संध्याकाळपर्यंत ठरवायचं.

५:३०

सईसमामा चंदी मोजतात. आमच्याकडे चंदी डब्याने नाही, वजनकाट्यावर मोजतात. डबाभर ओट आणि डबाभर हरभरा यांचं वजन वेगळं, आणि घोड्याचं पोट वजनाप्रमाणे चालतं.

ठाणांवर चौघे उभे आहेत. बादल रेसच्या मैदानावरून निवृत्त झालेला, थरोब्रेड, अजून बरगड्या दिसतात. चांदणी सारंगखेड्याच्या बाजारातून आलेली मारवाडी घोडी. लग्नसराईत वरातीला जाते, चातुर्मासात तिला काम नाही. भिंगरी भीमथडी तट्टू. भीमेच्या खोऱ्यातलं, धनगरांच्या मेंढरांबरोबर संसार पाठीवर घेऊन घाट उतरणारं हे जनावर; कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. आणि सरदार, सगळ्यांत म्हातारा. त्याच्या गव्हाणीखाली रोज चघळून टाकलेल्या गवताचे ओले गोळे सापडतात. दाढा झिजल्यामुळे गवत बारीक होत नाही, म्हणून तो ते तसंच टाकून देतो.

७:००

शाळेआधी शिकायला येणारी मुलं रपेटीला निघाली. बादल आणि भिंगरी कामावर. त्यांना निघण्याआधी दोन-दोन मूठ गवत दिलेलं असतं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खायला असो वा नसो. रिकाम्या पोटी पळवलं की ते आम्ल उसळून जठराच्या वरच्या, नाजूक अस्तराला लागतं. रेसच्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण इतके आढळतात, त्याचं हे एक मोठं कारण. लसूणघासातलं कॅल्शियम आणि प्रथिनं ते आम्ल सौम्य करतात. बादलसाठी ठोकळ्यांचा विचार सुरू झाला तो इथूनच.

८:३०

खरारा झाल्यावर मापं घेतली. मोठा काटा आमच्याकडे नाही, पण टेप पुरतो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. येतं ते किलोतलं वजन. बादलचा घेर १७८, लांबी १६०. म्हणजे सुमारे ४२७ किलो.

घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. बादलला भरायचं आहे, म्हणून दोन टक्के धरले: साडेआठ किलो. यातला मोठा वाटा लांब गवताचाच राहिला पाहिजे. गवत चावायला वेळ लागतो, तेवढी लाळ सुटते, आणि ती लाळही आम्ल शमवते. ठोकळे भराभर संपतात. ठाणावर नुसता उभा राहिलेला, तोंडाला काम नसलेला घोडा लाकूड कुरतडायला लागतो.

१०:००

दोन्ही पिशव्या उघडल्या. आधी शिवण आणि तारीख. मग मजकूर: प्रथिनं किमान किती टक्के, तंतू जास्तीत जास्त किती, ओलावा किती. चांगल्या लसूणघासात प्रथिनं १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असतात. ओलावा १२ टक्क्यांपुढे गेला की आपल्या हवेत बुरशीला आमंत्रणच. तंतूचा आकडा खूप वर असेल, तर घास जून झाल्यावर, दांडे जाड झाल्यावर कापलेला.

मग ठोकळा मोडून पाहिला. बाहेरून उन्हाने रंग उतरला तर चालतं, पण आतून हिरवा हवा. पहिल्या पिशवीतला आतून तपकिरी होता आणि त्याला करपलेल्या गुळासारखा वास येत होता. ओला घास दाबला की आतल्या आत तापतो. असा घास जनावरं चवीने खातातही, पण त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. दुसरा ठोकळा आतून हिरवा, वास वाळल्या गवताचा, किंचित गोडसर. दोन्ही नमुन्यांवरून लोहचुंबक फिरवलं. कापणीच्या यंत्रातून तारेचा तुकडा येऊ शकतो, आणि तो घोड्याच्या पोटात जाता कामा नये.

११:००

दोन बादल्या, प्रत्येकीत मोजून ठोकळे आणि दुप्पट पाणी. ठोकळा कोरडा देऊच नये, असं मी म्हणेन. अधाशी किंवा दात गेलेला घोडा अर्धवट चावून गिळतो, तो तुकडा अन्ननलिकेत फुगून अडकतो, आणि नाकातून लाळ-चारा वाहायला लागतो. मग डॉक्टरांना धावत यावं लागतं.

पाऊण तासाने बादल्या पाहिल्या. पहिलीत तळाला माती बसली होती आणि भुगा तरंगत होता. दुसरीत ठोकळा पूर्ण सुटला, बोटाच्या पेराएवढे दांडे आणि पानं वेगवेगळी दिसली. गोळीपेंडीपेक्षा ठोकळ्याचा फायदा हाच: गोळीसाठी घास दळतात, ठोकळ्यात त्याची लांबी थोडीतरी शिल्लक राहते.

मामा बादलीत हात घालून म्हणाले, "ताई, हा घास कुठलाही असू द्या, पानं हायेत बगा. पान हाय तर कस हाय."

मामांचं बरोबर आहे. लसूणघासाची बहुतेक प्रथिनं पानात असतात. वाळवताना, उलटताना पानं गळून गेली की उरतो तो दांडा.

१२:३०

दराचा हिशेब. हिरव्या घासात सुमारे ८० टक्के पाणी, म्हणजे एक किलो कोरड्या चाऱ्यासाठी पाच किलो हिरवा. ठोकळ्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. किलोला किलो दर लावला तर हिरवा नेहमीच स्वस्त दिसतो. कोरड्या वजनावर आणला की खरा फरक कळतो. हिवाळ्यात, हवेली-पुरंदरकडचा ताजा घास टेम्पोने येतो तेव्हा हिरवाच परवडतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवार्षिक वाण एकदा लावला की काही वर्षं कापण्या देतो. पहिली कापणी दोनेक महिन्यांनी, पुढे महिन्याभराच्या अंतराने. पावसाळ्याचे तीन-चार महिने मात्र ठोकळ्याला पर्याय थोडे.

२:३०

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात गेले. कोंडा आणि ओट घ्यायचे होते. दुकानदार म्हणाले, "ताई, गाईंच्या पेंडीची गाडी आलीय, स्वस्तात देतो. घोडा काय, गाय काय, चाराच की."

"दादा, घोड्याला ती चालत नाही. तिच्यात मोनेन्सिन असेल तर घोडा मरतो."

हे प्रत्येक घोडेवाल्याने लक्षात ठेवावं. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन घालतात. गाईला त्याचा उपयोग होतो. घोड्याच्या हृदयाचे स्नायू थोड्याशा मात्रेनेही निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. कात्रज हा दूध संघाचा परिसर, इथे दुभत्या जनावरांचं खाद्य सगळीकडे मिळतं. म्हणून ठोकळे घेताना विचारायचंच: नुसता लसूणघास आहे का, आणि ज्या यंत्रावर गुरांचं औषधी खाद्य बनतं त्याच यंत्रावर हे बनलं का. उत्तर गुळमुळीत आलं, तर पिशवी परत.

कोंडाही कमीच घेतला. एक किलो गव्हाच्या कोंड्यातून सुमारे ११ ग्रॅम स्फुरद मिळतं, कॅल्शियम मात्र दीड ग्रॅमही नाही. त्यावर हत्तीगवत दिलं तर त्यातली ऑक्झलेटं उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतात. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, जबड्याची हाडं सुजतात, चाल लंगडी होते. दीड किलो ठोकळ्यांतून साधारण १८ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. बादलच्या वजनाच्या, काम नसलेल्या घोड्याची दिवसाची गरज जवळपास तेवढीच. कोंडा देणाऱ्या तबेल्यात थोडा लसूणघास हवा, तो यासाठी.

४:३०

सरदारला भिजवलेल्या ठोकळ्यांची पहिली पाटी दिली. अर्धा किलोच. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा, कारण मोठ्या आतड्यातले तंतू पचवणारे जिवाणू एका रात्रीत बदलत नाहीत. त्याने पाटी चाटून साफ केली. खाली एकही गोळा पडला नाही. ज्याचे दात गेले त्याच्यासाठी भिजवलेला ठोकळा हा पूरक चारा नाही, तेच त्याचं गवत आहे. बेताबेताने वाढवत त्याच्या चाऱ्याचा मोठा भाग ठोकळ्यांवर न्यायचा, दिवसातून चार-पाच वेळा विभागून, दर वेळी ताजा भिजवून. आपल्याकडच्या उकाड्यात सकाळचं भिजवलेलं संध्याकाळी आंबतं.

बादलला दिवसाला दीड किलो, तीन वेळा, त्यातला एक वाटा रपेटीआधी. चांदणीला काहीच नाही. रिकामी घोडी आणि भरपूर प्रथिनं-ऊर्जा म्हणजे मानेवर चरबी आणि खुरांवर संकट. तिला गवत, पाणी, मीठ आणि रोज चालणं. भिंगरीलाही नाही. माळावरच्या गवतावर पोसलेल्या तट्टाला भरभरून देणं हे प्रेम नव्हे.

६:३०

कोंड्याच्या आणि ओटच्या पिशव्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुट्या रचल्या. तारीख जुनी ती पुढे. ओल, उंदीर आणि आग हे चाऱ्याचे तीन शत्रू. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आधीच उधळलं, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलं आहे. गवताजवळ आगटी नको, दिव्याची पेटती वात उंदीर पळवून नेईल, इतकं बारीक लक्षही त्यात आहे. राज्य चालवणारा माणूस पेंढीचा हिशेब ठेवत होता. आम्हीही भिंतीवर वही टांगली आहे: किती आलं, किती गेलं, किती दिवस पुरेल.

९:००

शेवटची फेरी. पाणी, लीद, पोटाचा आवाज. सगळ्यांसमोर रात्रीचं गवत. दुसऱ्या नमुन्याची मागणी नोंदवली. पहिला परत पाठवायचा.

घोडा पाळणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. पिशवीवरचा घोड्याचा फोटो बघून ठोकळे घेऊ नका. आधी आपल्या घोड्याचं वजन, दात आणि काम बघा. मग ठोकळा मोडून बघा, पाण्यात टाकून बघा, आणि तो कशापासून, कुठल्या यंत्रावर बनला ते विचारा. म्हाताऱ्याला आणि खंगलेल्याला तो जरूर द्या, भिजवून द्या. धडधाकट घोड्याला मात्र स्वच्छ, कोरडं, लांब गवत द्या. त्याहून चांगलं खाणं कुठल्याही पिशवीत मिळत नाही.