हा भाव कोणाचा?

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की एका ट्रॉलीपाशी फार वेळ मिळत नाही. व्यापारी चार कांदे उचलतात, दाबून बघतात, बोली चढते, भाव ठरतो आणि घोळका पुढे सरकतो. त्या घोळक्यामागे बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचे आमचे विद्यार्थी वह्या घेऊन धावत असतात. प्रत्येकाने एक रांग धरायची: भाव, कांद्याचा आकार, ओल, बोली लावणारे किती, शेतकरी कुठल्या गावचा.

दुपारी या नोंदी समितीने जाहीर केलेल्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण भावाशी ताडून बघायच्या. सर्वसाधारण भाव म्हणजे सरासरी नव्हे. ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला, तो. एका मुलीने विचारलं, “सर, माझ्या रांगेतल्या बहुतेक ट्रॉल्या त्याहून खाली गेल्या. मग हा भाव कोणाचा?”

संशोधन इथे सुरू होतं. तिच्या रांगेत भिजलेला माल जास्त होता का? मोजायच्या त्या ट्रॉल्या की क्विंटल? एका रांगेवरून अख्ख्या बाजाराबद्दल बोलता येतं का? नमुना निवड म्हणजे काय, हे त्या दुपारी मुलांना जितकं कळलं तितकं फळ्यावर मला कधीच समजावता आलं नसतं. मग शेतकऱ्याची हिशोबपट्टी मागून घ्यायची. 2016 पासून फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची असा राज्याचा नियम आहे. तरी हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती पडलं, ते तिथेच दिसतं.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची घरनिहाय आकडेवारीही आता संकेतस्थळावरून मोफत मिळते. लिलावात उभा राहिलेला विद्यार्थी ती उघडताना आधी विचारतो, की हे कोणी, कोणाला, कसं विचारलं?

ही वाट जुनी आहे. 1916 मध्ये मद्रास विद्यापीठात गिल्बर्ट स्लेटर यांनी विद्यार्थ्यांना आपापल्या गावांची पाहणी करायला लावली. त्यांतल्या काही गावांची पुढे अनेक दशकं फेरपाहणी होत राहिली. नव्या चार वर्षांच्या पदवीत मात्र चौथ्या वर्षीच्या संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. मला ही अट उलटी वाटते. चांगला प्रश्न विचारणारी मुलं गुणपत्रिकेवरून ओळखता येत नाहीत. प्राध्यापक मित्रहो, चौथ्या वर्षाची वाट पाहू नका; पहिल्याच वर्षी मुलांना जवळच्या बाजार समितीत घेऊन जा.