तळघरातून वर येणारा वायू

१९८४च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एक कोडं उभं राहिलं. स्टॅन्ली वॉट्रस हे तिथले बांधकाम-अभियंते. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रासमोरून ते गेले की भोंगा वाजायचा. अणुभट्टी अजून वीज बनवायलाही लागली नव्हती. अखेर एके दिवशी ते कामाला लागण्याआधी, आत शिरतानाच यंत्रासमोर उभे राहिले. भोंगा तेव्हाही वाजला. म्हणजे किरणोत्सार त्यांच्यासोबत घरून येत होता! घर तपासलं, तर हवेत लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन हा किरणोत्सारी वायू. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ४ पिकोक्युरीलाच घर दुरुस्त करून घ्यायला सांगते. त्या घरात लहान मुलंही राहत होती.

वॉट्रस यांचं घर युरेनियमयुक्त खडकांच्या ज्या पट्ट्यावर होतं, तो पट्टा न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधूनही जातो. युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद घरातली गरम हवा वर चढते, तळाशी हवेचा दाब घटतो आणि जमिनीतला वायू फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून आत ओढला जातो. मोकळ्या हवेत तो विरून जातो, तळघरात साठतो. त्याचं अर्धआयुष्य जेमतेम पावणेचार दिवसांचं, पण खरा घात त्यानंतर होतो. त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे कण धुळीला चिकटून श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तिथल्या पेशींवर अल्फा कणांचा मारा करतात.

खाणकामगारांनी हे शतकानुशतकं भोगलं. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींच्या परिसरात काही बायकांचे एकापाठोपाठ एक सात नवरे दगावल्याचं खाणकामाचा अभ्यासक ॲग्रिकोलाने १५५६ सालच्या ग्रंथात नोंदवलं आहे. सॅक्सनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांचा जीव घेणारा रोग फुप्फुसातली गाठ आहे, हे १८७९ साली हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी दाखवलं. रेडॉनचा शोध तेव्हा लागायचा होता. १९८८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं.

पण खाणीतलं खाणीत, घरात काय? युरोपातल्या १३ अभ्यासांची २००५ साली एकत्र मांडणी झाली. घनमीटरमागे १०० बेकरेल रेडॉन वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो, असं तीत दिसलं. अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला सुमारे २१,००० माणसं फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात, असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे. त्यांतल्या सुमारे २,९०० जणांनी सिगारेट कधीच ओढलेली नसते. ओढणाऱ्यांना मात्र दोन्ही विषं मिळून कितीतरी अधिक ग्रासतात.

एवढं माहीत असून लोक गप्प का? मला वाटतं, इथे बोट दाखवायला कुणी नाही. कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियम खाणकामगारांना, त्यांतल्या नवाहो आदिवासींनाही, धोका न सांगता राबवलं गेलं. तिथे जाब विचारता आला आणि १९९० साली भरपाईचा कायदा झाला. घरातल्या रेडॉनबद्दल मोर्चा कुणावर काढायचा? जमिनीवर? आणि ज्याच्याबद्दल राग येत नाही, त्याची भीतीही टिकत नाही. म्हणून नुसते आकडे ऐकवून भागणार नाही, तपासणीचा डबा घरात पोहोचला पाहिजे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा भूभागाखालच्या बेसाल्टमध्ये युरेनियम कमी असतं आणि आपली घरंही बहुतेक उघडी-वारेशीर. पण न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात आपली हजारो माणसं राहतात, आणि तळघरात मुलांची खोली किंवा घरचं ऑफिस थाटणं तिथे सर्रास चालतं. घर घेताना रेडॉनची चाचणी होते, पण वर्षानुवर्षं त्याच घरात राहणाऱ्यांना ती पुन्हा करायचं सुचत नाही. भाड्याच्या घरात तर बहुधा नाहीच. शेजाऱ्याचं प्रमाण कमी निघालं म्हणून आपलंही कमी, असं धरून चालू नये. लागून असलेल्या दोन घरांतही मोठा फरक पडतो.

काम तसं सोपं आहे. कोळशाचा छोटा डबा वापराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर काही दिवस ठेवायचा, दारंखिडक्या बंद ठेवायच्या आणि मग तो प्रयोगशाळेत पाठवायचा. प्रमाण जास्त निघालं, तर फरशीखालून एक पाइप छतावर नेऊन पंख्याने वायू बाहेर ओढून टाकतात. पंखा सतत चालू ठेवावा लागतो. तो बसवल्यावर पुन्हा मोजायचं, दोनेक वर्षांनी परत मोजायचं, आणि तळघर नव्याने राहण्याजोगं केलं, तर त्या वेळीही.