हरगिला: बदनामी जास्त, माहिती कमी

उंची जवळपास पाच फूट, पसरलेले पंख अडीच मीटर, डोक्याला टक्कल आणि गळ्याखाली लोंबणारी नारिंगी पिशवी. हरगिला देखणा नाही, हे मान्यच. त्याच्या नावावर खपवलेल्या बाकीच्या गोष्टी मात्र तपासून घेतलेल्या बऱ्या.

अनेकांना तो गिधाड वाटतो. तो करकोचा आहे. टक्कल हा रोग नव्हे. सडक्या मांसात डोकं खुपसणाऱ्याला तिथे पिसं नसलेलीच सोयीची. पिशवीत तो मासे साठवतो, हाही गैरसमज. त्या पिशवीत हवा असते, अन्ननलिकेशी तिचा संबंध नाही.

गुवाहाटीच्या कचरा डेपोवर त्याचे थवे दिसतात. त्यावरून कचरा वाढला की हरगिलेही वाढतील, असं कुणाला वाटेल. कोलकात्याकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात तिथे हे पक्षी इतके होते की महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावर ते विराजमान झाले. आज त्या शहरात कचऱ्याला तोटा नाही, हरगिले मात्र गेले. त्यांना मासे-बेडकांनी भरलेल्या पाणथळ जागा लागतात आणि घरट्यांसाठी उंच झाडं.

ही झाडं अभयारण्यात असतील, असं समजू नका. आसामात ती बहुधा लोकांच्या परसात असतात. घरट्यांखाली विष्ठा आणि कुजलेल्या मांसाचे तुकडे पडतात, दुर्गंधी सुटते. वर अशुभाचा शिक्का. मग मालक कुऱ्हाड उचलतो. 2007 साली कामरूप जिल्ह्यात असंच घरट्यांचं झाड तोडलं गेलं आणि नऊ पिल्लं खाली आली. ते पाहून वन्यजीव अभ्यासक पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरलं. या बायका घरट्यांच्या हंगामात हरगिल्याचं चक्क डोहाळजेवण करतात, मेखला-चादर या आसामी पोशाखावर त्याची नक्षी विणतात. दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या गावांतली घरटी 28 वरून 250 च्या पुढे गेली. 2022 साली बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला. आणि अशुभाचं म्हणाल, तर बिहारात भागलपूरजवळ याच पक्ष्याला विष्णूचं वाहन, गरुड मानतात.

धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत 2023 साली हरगिला ‘संकटग्रस्त’ गटातून बाहेर आला. म्हणून तो सुरक्षित झाला, हा ताजा गैरसमज. त्याची वीण आज आसाम, बिहार आणि कंबोडियापुरतीच उरली आहे.