इंद्रायणीचा फेस विरला, म्हणजे पाणी स्वच्छ झालं का?

चाकणजवळच्या आळंदीत इंद्रायणी फेसाळली की व्हिडिओ व्हायरल होतात. त्याच फेसात वारकरी स्नान करताना दिसतात. काही दिवसांनी फेस ओसरतो आणि चर्चाही थांबते. पण पाणी खरंच स्वच्छ होतं का? उत्तर चमचाभर मिठात आहे.

विरघळणं म्हणजे काय?

मीठ पाण्यात टाकलं की पाण्याचे रेणू त्यातले सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे करून वेढून टाकतात. मीठ दिसेनासं होतं, पण कुठेही जात नाही. २५ अंश सेल्सिअसला १०० मिलीलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढचं तळाशी राहतं. ही मिठाची विद्राव्यता.

मग फेस कशाचा?

घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्यातून डिटर्जंटसारखी रसायनं नदीत येतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून ते पृष्ठभागावर जमतात. बंधाऱ्यावरून पाणी आपटलं की त्यात हवा मिसळते, आणि या रेणूंमुळे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. पुढे संथ पाण्यात फेस विरतो, पण रसायन पाण्यातच राहतं.

गाळून, उकळून चालेल?

फडक्याने कचरा अडतो. तुरटीने मातीचे तरंगते कण खाली बसतात. उकळल्याने जंतू मरतात. पण विरघळलेले धातू आणि बहुतेक क्षार तसेच राहतात. उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं.

उपाय कुठे?

विद्राव्यतेतच! धातूंच्या सुट्या भागांवर जस्त किंवा निकेलचा मुलामा चढवला की सांडपाण्यात हे धातू विरघळलेले असतात. त्यात चुना घालून पाणी अल्कधर्मी केलं की धातूंची न विरघळणारी हायड्रॉक्साइडं तयार होतात आणि गाळ म्हणून खाली बसतात. तो गाळ वेगळा काढता येतो. डिटर्जंटचा बराचसा भाग सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू तोडतात.

पण हे सगळं पाणी नदीत सोडण्याआधीच करावं लागतं. एकदा ते इंद्रायणीत मिसळलं की अख्ख्या नदीला चुना घालता येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आळंदीचं पाणी नितळ दिसलं, तर ‘फेस गेला’ एवढ्यावर थांबू नका. पाण्याच्या तपासणीचा अहवाल काय सांगतो, तेही विचारा.