बॉल क्लॉक : अंकविरहित घड्याळ आणि श्रेयाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील आधुनिक गृहसजावटीत 'बॉल क्लॉक' या भिंतीवरील घड्याळास महत्त्वाचे स्थान आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज नेल्सन (१९०८-१९८६) यांच्या न्यूयॉर्क येथील कार्यालयात त्याचा आराखडा तयार झाला. मिशिगन राज्यातील हॉवर्ड मिलर क्लॉक कंपनीने त्याचे उत्पादन केले.

या घड्याळास तबकडी नाही आणि अंकही नाहीत. पितळी मध्यभागातून निघालेल्या बारा दांड्यांच्या टोकांवर बारा लाकडी गोळे बसविलेले आहेत. मनुष्य वेळ ओळखतो ती अंकांवरून नव्हे, तर काट्यांच्या स्थितीवरून, हे तत्त्व या रचनेच्या मुळाशी आहे. मनगटी घड्याळांच्या प्रसारामुळे भिंतीवरील घड्याळाचे सजावटमूल्य वाढले होते. त्यामुळे असा प्रयोग शक्य झाला.

हे घड्याळ नेल्सन यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. स्वतः नेल्सन यांनी मात्र ते शिल्पकार इसामू नोगुची यांचे असावे, असा तर्क मांडला होता. आज अनेक अभ्यासक त्याचे श्रेय त्याच कार्यालयातील अर्व्हिंग हार्पर (१९१६-२०१५) यांना देतात. सारांश, रचनापरंपरेच्या अभ्यासात संस्थेच्या नावामागे राहिलेल्या हातांचा शोध घेणेही आवश्यक ठरते.