भंडारदरा साडेचार तासांत रिकामं झालं तर?

नगर जिल्ह्यात पाणी टीएमसीत मोजतात. जुलै लागला की भंडारदरा किती भरलं, मुळा कुठवर आलं, निळवंड्यातून किती क्युसेक सुटलं, हे आकडे पारावर बसलेल्यांनाही तोंडपाठ असतात. भंडारदरा 11 टीएमसी, मुळा 26, खाली पैठणचं जायकवाडी 102. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. डोंगराची दरड नदीत कोसळून जे धरण तयार होतं, तेही याच मापाने मोजून पाहण्यासारखं आहे.

प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम 1910 मध्ये सुरू झालं. 82 मीटर उंचीचं ते दगडी धरण पुरं व्हायला 1926 उजाडलं. काम नुकतंच हाती घेतलेलं असताना, 18 फेब्रुवारी 1911 रोजी पामीरच्या डोंगरांत, आजच्या ताजिकिस्तानात, भूकंप झाला. एक अख्खा कडा मुरगाब नदीत उतरला. उसोई नावाचं गाव गाडलं गेलं आणि नदीच्या वाटेत 567 मीटर उंचीचा बांध उभा राहिला. एकावर एक जवळजवळ सात भंडारदरा. मागे सरेझ हे सुमारे 60 किलोमीटर लांबीचं सरोवर साठलं. त्यात 16 ते 17 घन किलोमीटर पाणी आहे, म्हणजे जवळपास 600 टीएमसी. जायकवाडी काठोकाठ सहा वेळा भरूनही त्याची बरोबरी जेमतेम होईल.

कोसळलेला डोंगर होता सुमारे दोन अब्ज वीस कोटी घनमीटर. दहा घनमीटर माल नेणारा एक डंपर दर मिनिटाला, रात्रंदिवस, एकही सुट्टी न घेता रिकामा होत राहिला, तर तेवढा ढिगारा टाकायला चारशेहून अधिक वर्षं लागतील. नगरचा किल्ला मुघलांनी 1600 मध्ये घेतला, तेव्हा सुरुवात केली असती तर काम आत्ता कुठे संपलं असतं.

उसोईचा बांध अजून उभा आहे, कारण ढिगाऱ्यातून पाणी सतत झिरपून खाली जातं. असं भाग्य फार थोड्या बांधांना लाभतं. जगभरातल्या फुटलेल्या 73 दरड-बांधांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा चारातल्या एकाहून अधिक बांध पहिल्याच दिवशी फुटलेले दिसले आणि 85 टक्के वर्षाच्या आत. अशा बांधाला ना दरवाजे, ना सांडवा. पाणी माथ्यावरून एकदा वाहू लागलं की सुटी माती कापत जातं. जितकं कापतं तितकं जास्त वाहतं, आणि जास्त वाहिलं की आणखी कापतं.

सप्टेंबर 1893 मध्ये गढवालमध्ये गोहना गावाजवळ बिरही गंगेवर दरड कोसळली. बांध 270 मीटरच्या घरात. हे पाणी पुढे अलकनंदेतून हरिद्वारला जाणार होतं. अभियंत्यांनी सरोवर कसं चढतंय ते मोजलं आणि 1894 च्या ऑगस्टच्या मध्याला पाणी माथ्यावरून जाईल असा हिशेब मांडला. मग गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली, पूल सोडवून ठेवले आणि खोऱ्यात दोन्ही अंगांना दगडी खांब उभारले: पूर येईल तेव्हा या रेषेच्या वर राहायचं. 25 ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. साडेचार तासांत सुमारे 10 टीएमसी पाणी निघून गेलं. भंडारदऱ्याचं जवळजवळ सगळं पाणी, सरासरी सहा लाख क्युसेकने! हेच प्रवरेत घडलं असतं तर वाटेत अकोले, संगमनेर, कोल्हार, नेवासे आहेत. गढवालचं श्रीनगर वाहून गेलं. माणसं मात्र वाचली. हलवल्यावरही माघारी गेलेला एक फकीर आणि त्याचं कुटुंब तेवढं दगावलं. मला या सगळ्या आकड्यांत सर्वांत मोठा वाटतो तो त्या अकरा महिन्यांचा, कारण ते कुणी वाया घालवले नाहीत. उरलेलं सरोवर 1970 च्या जुलैत गेलं, तेव्हा अलकनंदेच्या पुराने बेलाकुची ही वस्ती धुऊन नेली.

आपल्या सह्याद्रीत उसोईएवढा डोंगर नदीत उतरण्याची शक्यता नाही. पण घाटघरला, ज्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, आषाढ-श्रावणात पाऊस थांबत नाही. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात, 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. अशी एखादी लहानशी दरड अरुंद ओढा तासभर अडवू शकते, आणि खालच्या वाडीला तेवढंही पुरेसं आहे. मुसळधार पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी आटलं, तर वर कुठेतरी ते अडून साठत असू शकतं. अशा वेळी बैल सोडवायला, मोटार काढायला पात्रात उतरू नये. आधी माणसं उंचावर न्यावीत आणि मग वरच्या वाडीला आणि तहसीलला फोन लावावा.