बिअरची बादली जिन्याखालीच का?

थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, म्हणून आपण पातेलं उबदार कोपऱ्यात ठेवतो. ब्रिटनमध्ये घरी बिअर करणारे मात्र बेताची गार जागा शोधतात. तिथे १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवान्याची अट गेली. बिअर आंबवायच्या बादलीसाठी जिन्याखालचं कपाट ही तिथली आवडती जागा, आणि ती निवड शास्त्राला धरून आहे.

यीस्ट हे सूक्ष्मजीव माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, साखर खातात. त्यातून अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता निर्माण होते. त्यामुळे आंबणं जोरात असताना बादलीतला द्रव खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी गरम असतो. खोलीचं तापमान पाहून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. ‘एल’ या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात. त्याहून गरम झालं, की यीस्ट घाईने काम करतं आणि बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. फार गार झालं, तर ते तळाशी सुस्त पडून राहतं. तापमानाचे हेलकावेही त्याला सोसत नाहीत. म्हणून खिडकी आणि हीटर दोन्ही टाळायचे. जिन्याखालचं कपाट बहुधा घराच्या आतल्या भागात असतं, तिथे तापमान हळूहळू बदलतं.

शिवाय तिथे अंधार असतो. बिअरमध्ये घातलेल्या हॉप्स या फुलांमधली कडू द्रव्यं उजेडात तुटतात आणि गंधकयुक्त दुर्गंधी सुटते. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच.

एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी: वायू बाहेर पडायला वाट ठेवा. झाकण हवाबंद केलं, तर दाबाने बादली फुटू शकते.